गोष्ट कोणी सांगितली

सोजरबाई सोडून बाकी सगळ्या बायकांनी तोंडावर पदर घेतला, तेव्हा रुख्मिणीचा हात चक्कीच्या खटक्यापाशी होता. तो तिथंच थांबला.

"काय व," ती म्हणाली, "पीठ उडून राह्यलं का एवढं? अजून त चक्की चालूबी नाई केली."

दौलतसिंगच्या सुनेनं पदर नाकापर्यंत ओढला आणि भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरकडे पाहत उभी राहिली. रुख्मिणीनं खटका दाबला. पट्टा फडफडला, दगड घरघरू लागले आणि पदराआडचं बोलणं सुरू झालं. कापड हलताना दिसत होतं, तेवढंच. सोजरबाई आपला डबा पायाशी धरून उघड्या तोंडानं उभी होती आणि स्वतःशीच काही पुटपुटत होती, पण ती नेहमीच पुटपुटायची.

या पदराचं कारण मेडशीत शाळेच्या पोरांनाही ठाऊक होतं. चक्की चालू असली की तिथं कानाचा काही उपयोग नाही. पुंजाजीनं, म्हणजे रुख्मिणीच्या बापानं, ही चक्की टाकली तेव्हापासून ती पट्ट्याजवळ उभी राहत आली होती, आणि एवढ्या वर्षांत समोरची बाई काय बोलते ते ओठांवरून वाचायची तिला सवय होऊन गेली होती. बायकांना त्याचं मोठं कौतुक होतं. "रुखमे, ते कोपऱ्यातली काय म्हनते सांग बरं," असं म्हणून त्या खिदळायच्या. मग रुख्मिणीच्या भावाचं नाव झालं आणि कौतुक संपलं.

भाऊ म्हणजे भागवत. आई गेली तेव्हा तो पाळण्यातून नुकता खाली उतरला होता. रुख्मिणी त्याला चक्कीत आणायची आणि पोत्यांवर निजवायची. पोरगं चक्कीच्या आवाजात ढाराढूर झोपायचं. वीज गेली, दगड थांबले, की लगेच टक्क जागं. पुढं तिचं लग्न गावातल्याच रामकिसनशी झालं, बाप वारला, चक्की तिच्याकडे आली आणि भागवत शिकायला पुण्याला गेला. तिथंच कंपनीत लागला. नोकरी सांभाळून संध्याकाळी एका हॉटेलात माइकपुढं उभा राहून लोकांना हसवतो, हे त्यानं फोनवर सांगितलं आणि रुख्मिणीनं ते रामकिसनच्या कानावर घातलं, तेव्हा त्यानं हातातली दोरी खाली ठेवली.

"लोक तिकीट काढून हासतेत?" त्यानं विचारलं.

"हाव."

"पुन्यातले लोक?"

"हाव म्हनते तो."

यावर रामकिसन जो उठून वावरात गेला तो जेवायलाच परत आला. एवढ्या मोठ्या गोष्टीवर एकदम मत द्यायचं नाही, असा त्याचा स्वभाव होता.

भागवतचं नाव झालं ते पाण्याच्या फिल्टरमुळं. पोराच्या सोयरिकीसाठी पाहुणे येणार म्हणून एका घरानं शेजाऱ्याचा फिल्टर मागून आणला आणि दोन खिळ्यांवर भिंतीला टांगला. नळी नाही, पाणी नाही. मुलीच्या मामाला तहान लागली. तो उठून गेला, तोटीखाली पेला धरला आणि उभा राहिला. पोराचा बाप म्हणाला, "थांबा जरा पाहुने, शुद्ध होऊन राह्यलं." ही गोष्ट भागवतनं अस्सल वऱ्हाडीत सांगितली आणि तो व्हिडिओ इतका पसरला की वाशीमच्या बसस्टँडवर पोरं एकमेकांना "शुद्ध होऊन राह्यलं" म्हणू लागली. कारंज्याच्या बाजारात तूर विकायला गेलेल्या रामकिसनला अडत्यानं, भागवतचे भाऊजी म्हणून, चहा पाजला. भागवतनं नोकरी सोडली. मोठमोठ्या हॉलांत त्याचे कार्यक्रम होऊ लागले, त्याच्या फोटोखाली लोक भांडू लागले. वऱ्हाडी माणसाची टवाळी करतो म्हणून इकडचे शिव्या देत, पुणेकरांना नावं ठेवतो म्हणून तिकडचे. "दोन्हीकडून भेटून राह्यल्या, ताई," तो फोनवर हसून म्हणायचा, "म्हंजे काटा बराबर मधात हाये."

फिल्टर मागून आणून टांगला तो दौलतसिंगच्या घरी, हे मेडशीत सांगायची गरज नव्हती. आणि ती गोष्ट पुण्यापर्यंत कशी गेली, तेही सगळ्यांनी आपापल्या मनाशी ठरवून टाकलं. त्यातच भागवतनं नव्या कार्यक्रमात सांगितलं, "माही ताई म्हंजे आमच्या गावचा सीसीटीव्ही. आवाज नाई, पन दिसते सारं." हॉलभर लोक हसले. दुसऱ्या दिवशी चक्कीत बायकांचे पदर तोंडावर गेले.

रुख्मिणीला राग आला तो बायकांचा नव्हे. बायका चुकत नव्हत्या, हीच तर पंचाईत होती. फिल्टरची गोष्ट तिनंच सांगितली होती. दिवस मावळता ती दगड पुसायला घ्यायची तेव्हा भागवतचा फोन यायचा. "काय चालू हाये गावात, ताई?" आणि ती सांगत सुटायची. दिवसभर दुसऱ्यांचं वाचलेलं सगळं बोलायला तिला तो एकच होता. रामकिसनशी बोलणं म्हणजे पोत्याशी बोलणं. भाऊ एवढा मोठा झाला तरी आपली आठवण ठेवतो, रोज विचारतो, याचा तिला केवढा अभिमान होता.

आता तिला भलभलत्या गोष्टी आठवू लागल्या. आज काही घडलं नाही असं म्हटलं की तो "बरं, ठेवतो मंग" म्हणायचा. तिचं गुडघ्याचं दुखणं सुरू झालं की त्याला कुठंतरी जायची घाई असायची. आणि ती रंगात येऊन सांगत असली की पलीकडून बारीक टकटक ऐकू यायची. एकदा तिनं विचारलंही होतं.

"कायची टकटक होय रे?"

"पंखा हाये, ताई. खराब झाला."

हिवाळ्यातला पंखा. तेव्हा तिनं मनावर घेतलं नव्हतं. आता ती टकटक, कोणी बोललेलं टिपून घेत असावं तशी, तिच्या डोक्यातून जाईना. समोरासमोर असता तर तिनं त्याच्या ओठांवरून खरंखोटं क्षणात ओळखलं असतं. फोनवर नुसता आवाज, आणि आवाजावर विश्वास ठेवायची तिला सवयच नव्हती. तो आपल्याला फोन करतो की गावाला करतो, हे एकदाचं कळायला हवं होतं.

दगडांना नवी टाकी लावली, म्हणजे छिन्नीनं ते पुन्हा खडबडीत केले, की गिऱ्हाइकाचं धान्य एकदम त्यात घालत नाहीत. आधी ओंजळभर टाकाऊ ज्वारी दळून पाहतात, पिठात खर, म्हणजे दगडाची कच, येते का म्हणून. रुख्मिणीनं तेच करायचं ठरवलं. गावात कधी न घडलेली, कुणाचीच नसलेली एक गोष्ट तिनं दगड पुसता पुसता मनात तयार केली, आणि फोन आल्यावर आवाज बेताचा ठेवून सांगितली.

"एक मानूस हाये. त्यानं मारोतीले नवस केला, बोअरले पानी लागलं त साऱ्या गावाले रोडगे खाऊ घालतो. लागलं पानी. मंग रोडग्याचं त्याच्या जिवावर आलं."

"मंग?" भागवतचा आवाज एकदम जागा झाला.

"मंग काय? गावाले सांगतलं, बोअर कोरडा गेला. वरून कपाशीच्या पऱ्हाट्या टाकून झाकून ठेवला. अन् दर शनिवारी मारोतीसमोर जाऊन बसते. म्हनते, देवा, पाय बरं, अजून पानी नाई लागलं."

भागवत हसला. लहानपणी पोटाला गुदगुल्या केल्यावर हसायचा तसा हसला. हसणं सरेपर्यंत तीही हसली, तिला राहवलंच नाही. मग तिनं कान टवकारले. टकटक सुरू झाली होती.

"कोन होय तो?" त्यानं विचारलं.

"नाव नाई सांगत."

"बरं, नोको सांगू. ठेवतो, ताई."

पुढच्या कार्यक्रमात बोअर आला. रुख्मिणीनं तो व्हिडिओ पाहिला तेव्हा सगळ्यात आधी तिला अभिमान वाटला, हे खोटं कशाला सांगायचं. तिनं रचलेल्या गोष्टीवर अख्खा हॉल लोटपोट होत होता. भागवतनं त्यात आपली भरही घातली होती. त्याच्या गोष्टीतला माणूस बायकोला सांगतो, "मारोतीले काय समजते? त्याच्या घरी थोडीच मोटर हाये." आणि मग तिनं मोबाइल पालथा ठेवला. कळायचं होतं ते कळलं होतं. खर आली होती.

पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. कुणीतरी त्या व्हिडिओतलं एकच वाक्य कापून काढलं, "मारोतीले काय समजते," आणि आगापिछा न ठेवता सगळीकडे पाठवलं. ते गोष्टीतल्या माणसाचं बोलणं होतं, हे आता कोण सांगत बसणार? भागवतनं देवाची विटंबना केली, असा बोभाटा झाला. माफी मागा म्हणून हजारो लोक लिहू लागले. त्याच्या बाजूचे लोकही तेवढेच, तेही शिव्याच देत होते, फक्त दुसऱ्यांना. नागपूरच्या कार्यक्रमाला ऐनवेळी हॉलवाल्यानं नाही म्हटलं. भागवत मित्राच्या घरी जाऊन राहिला. त्याचा रोजचा फोन येईना, आणि आपण करावा तर काय बोलावं, हे रुख्मिणीला सुचेना.

अशातच एका सकाळी फुलचंद स्वतः दळणाचा डबा घेऊन चक्कीत आला. हा सोजरबाईचा नवरा. मेडशीत पुरुष दळण घेऊन आला म्हणजे घरची बाई अंथरुणाला खिळली असं समजायचं.

"सोजर बिमार हाये का, फुलचंदभाऊ?"

"नाई. धाडली शिरपूरले. भावाच्या घरी." त्यानं डबा खाली ठेवला आणि दाराकडे एकदा पाहून घेतलं. "रुखमाबाई, खरं सांग. माह्या बोअरचं तिनं तुले कवा सांगतलं?"

"कोन्या बोअरचं?"

"आता तू बी भोळी बन."

रुख्मिणी त्याच्याकडे पाहत राहिली. पहिल्यांदा तिला काही उमजेना. मग उमजलं, आणि ती हळूच म्हणाली, "भाऊ, तुमच्या बोअरले पानी लागलं?"

फुलचंदचा चेहरा पडला. हिला ठाऊक आहे असं धरूनच तो बोलायला आला होता. पण इथवर आल्यावर मागं फिरायचं कसं, ते त्याला कळेना. "हे बी मीच सांगू का?" तो चिडून म्हणाला. "पानी मले ठाऊक, सोजरले ठाऊक. तिसरं कोनी नाई. मंग तुह्या भावाले कोनं सांगतलं? मारोतीनं?"

"भाऊ, ते म्या रचलं होतं. मनानं."

"रचलं? पऱ्हाट्यासकट रचलं?"

फुलचंद डबा उचलून, न दळताच निघून गेला. दारात थांबून एवढंच म्हणाला, "लोकाईले वाटते म्या मारून-झोडून धाडली. मी बोटबी नाई लावलं. पन घरातली गोष्ट बाहेर नेनाऱ्या बाईसंगं एका छपराखाली कसं राहावं, सांग बरं." रुख्मिणीला त्याचा रागही येईना. जे दुखणं तिचं, तेच त्याचं होतं.

ती शिरपूरला गेली. दुपारच्या एसटीत बसायला जागा मिळाली, पण तिला बसवेना. सोजर एवढी एक बाई तिच्यासमोर उघड्या तोंडानं उभी राहत होती, आणि नेमका तिच्याच संसाराला आपला हात लागला. हे तिला वाटेभर खात होतं.

सोजरबाई भावाच्या ओसरीवर तूर निवडत होती. रुख्मिणीला पाहिलं आणि तिनं सूप खाली ठेवलं. मग पदर हातात घेतला आणि सावकाश तोंडावर धरला.

"सोजर, माह्यासमोर?"

"तुह्याचसमोर." पदरामागून आवाज आला. "म्या कोनाले नाई सांगतलं, रुखमे. गोठ्यातल्या गाईले बी नाई."

"मले ठाऊक हाये. ते म्या रचलं होतं. भागवत माह्या गोष्टी वापरते का, ते पाहाले."

"तुह्या भावाची परीक्षा, अन् घर माह्यं मोडलं."

रुख्मिणी ओसरीच्या काठावर टेकली. रडू येत होतं, पण इथं रडायचा हक्क आपला नाही, हे तिला कळत होतं.

थोड्या वेळानं सोजरच म्हणाली, "म्या लय इचार केला. रचून एवढं जुळत नसते. तू माह्या तोंडावरून वाचलं असन. चक्कीवर उभी राह्यली का मी तोंडातल्या तोंडात बोलत राहतो. मलेच समजत नाई. माह्या मनात त तेच चालू राहे, पानी, पऱ्हाट्या, रोडगे."

"नाई व. तसं नाई."

"खात्री हाये तुले?"

हो म्हणायला रुख्मिणीनं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. डबा पायाशी धरून उभी असलेली, ओठ हलवणारी सोजर तिच्या डोळ्यांपुढं आली. पऱ्हाट्या कुठून सुचल्या होत्या? ताडपत्री का नाही, पत्रा का नाही? आपणच रचलं म्हणून जे भावाला सांगितलं, ते आपण कुठं तरी वाचलेलं तर नव्हतं? इतकी वर्षं दुसऱ्यांची तोंडं वाचून वाचून आपलं कोणतं आणि लोकांचं कोणतं, हे तिला सांगता येईनासं झालं होतं. आजवर तिनं भागवतवर संशय घेतला, बायकांनी तिच्यावर घेतला. आता तिचाच तिच्यावर विश्वास बसेना.

परत आल्यावर तिनं चक्कीच्या पायरीवर बसून स्वतःहून भागवतला फोन लावला.

"बोल, ताई." आवाज फार थकलेला होता.

"ते बोअरचं खरं नव्हतं. म्या रचलं. म्हंजे, मले तसं वाटे. पन ते फुलचंदचं खरं निघालं, अन् त्यानं सोजरले माहेरी धाडलं. तिचा काई दोष नाई रे."

या वेळी पलीकडून टकटक आली नाही.

"काहून रचलं?"

"तू वापरतो का, ते पाहाले."

"मंग? पाह्यलं?"

"पाह्यलं."

"ताई, मी रोज फोन कायले करतो असं वाटते तुले?"

"ते तूच सांग."

फोन बंद झाला.

दोन-तीन दिवसांनी दौलतसिंगची सून धापा टाकत चक्कीत शिरली. मोबाइल तिच्या हातात होता. चक्की चालू होती, कुणाचा तरी गहू दगडांवर होता. भागवतचा माफीचा व्हिडिओ आला होता. बायका मोबाइलभोवती गोळा झाल्या, पण त्या घरघरीत एक अक्षर ऐकू येईना. कुणीतरी खुणेनं म्हणालं, बंद कर. रुख्मिणीचा हात खटक्याकडे गेला आणि तिनं तो मागं घेतला. कितीतरी महिन्यांनी तिला भावाचं तोंड हॉलाला न हसवता, साधं बोलताना दिसत होतं. तिला ऐकायचं नव्हतं, पाहायचं होतं.

भागवतनं दाढी वाढू दिली होती. पाठीमागं कोरी भिंत होती. दौलतसिंगच्या सुनेनं मोबाइल तिच्यापुढं धरला, आणि बाकीच्या बायका पदरबिदर विसरून तिच्या तोंडाकडे पाहू लागल्या.

"काय म्हनते? सांग नं व."

रुख्मिणी ओरडून सांगू लागली. "म्हनते, कोनाचं मन दुखवलं असन त माफी मागतो. म्हनते, हे गोष्ट म्याच रचली. मले कोनी सांगतली नाई. आमच्या गावात असा मानूस नाई." तिनं मोबाइल जरा जवळ ओढला. "म्हनते, गावच्या बायकाईले कोनी बोल लावू नका. माह्या ताईलेबी. गोष्टी माह्या डोक्यातल्या होत्या, साऱ्या. फिल्टरबी."

फिल्टरचं ऐकून दौलतसिंगच्या सुनेनं मान खाली घातली. खोटं आहे हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण इतकं मोठं खोटं एवढ्या लोकांसमोर आपल्यासाठी कोणी बोललं, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

व्हिडिओ संपत आला. भागवतनं बंद करायला हात पुढं केला, थांबला, आणि सरळ समोर पाहून त्याचे ओठ एकदाच हलले.

"आता काय बोल्ला?" एकीनं विचारलं. "शेवटी?"

"काई नाई," रुख्मिणी म्हणाली आणि गव्हाकडे वळली.

नंतर ज्यांनी ज्यांनी घरी जाऊन तो व्हिडिओ आवाज वाढवून ऐकला, त्यांना तिथं काहीच ऐकू आलं नाही, कारण त्यानं आवाज काढलाच नव्हता. तो शब्द एकाच माणसासाठी होता. त्यानं विचारलं होतं, "पाह्यलं?"

फुलचंदचा त्या व्हिडिओवर विश्वास बसला की त्यानं बसवून घेतला, देव जाणे. तो शिरपूरला गेला आणि सोजरला घेऊन आला. त्यानंतर त्याच्या बोअरला अचानक पाणी लागलं. म्हणजे तसं त्यानं गावात सांगितलं. शनिवारी मारोतीपुढं गोवऱ्या पेटल्या, रोडगे भाजले गेले, वांग्याच्या भाजीला तर्री आली, आणि सगळी मेडशी जेवायला बसली. "कालच लागलं म्हनते पानी," लोक एकमेकांना सांगत होते आणि तोंडावरची सुरकुती हलू न देता तुपात रोडगा चुरत होते. कोणी हसलं नाही. रामकिसननं तर फुलचंदला जाऊन विचारलं, "गोड हाये का पानी?" आणि उत्तर ऐकून मान डोलावली. सोजरबाई पदर कमरेला खोचून भाजी वाढत फिरत होती. रुख्मिणीच्या पानाशी आल्यावर तिनं पळी जरा जास्तच भरली. तिचे ओठ मात्र घट्ट मिटलेले होते. स्वतःशी पुटपुटणंही तिनं सोडलं होतं, आणि ते पाहून रुख्मिणीनं हातातला घास परत पानात ठेवला.

तिकडे लोकांना शिव्या द्यायला दुसरं कोणी सापडलं. भागवतचे कार्यक्रम पुन्हा सुरू झाले म्हणे. चक्कीतले पदर हळूहळू खाली आले, सगळे नाहीत. भागवतचा फोन मात्र येत नव्हता. दिवस मावळता दगड पुसायची वेळ आली की रुख्मिणी मोबाइल पोत्यावर ठेवायची, उगीच त्यावरचं पीठ पुसायची. आज हे घडलं, ते घडलं, असं मनातल्या मनात सांगूनही पाहायची, पण ऐकणारं कोणी नसलं की गोष्टीला चव येत नव्हती.

सोयाबीन घरात आलं त्या दिवसांतली गोष्ट. तिन्हीसांजेला शेवटचं दळण दगडांवर होतं आणि मोबाइल पिठातच उजळला. ती तो घेऊन दारापर्यंत गेली.

"ताई."

"हाव." काय विचारावं, कुठून सुरू करावं? "काय सांगू रे? गावात काई घडलं नाई."

ती थांबली. "बरं, ठेवतो" याची वाट पाहत थांबली.

"काई सांगू नोको," तो म्हणाला. "तू बी बोलू नोको. चक्की चालू हाये नं?"

"हाये."

"फोन तथीच ठेव. पोत्यावर. मले झोप नाई लागून राह्यली, ताई. लय दिवस झाले."

रुख्मिणी आत आली. वरच्या डब्यात गहू संपत आला होता. दगड रिकामे फिरले की बंद करावेच लागतात. तिनं मोबाइल पोत्यावर ठेवला, जिथं तो लहानपणी निजायचा तिथं. आणि ठेवता ठेवता तिच्या मनात आलं, हा आवाज भरून तर घेत नसेल? उद्या एखाद्या हॉलात माइकपुढं उभा राहून हीच घरघर लोकांना ऐकवणार नाही ना?

आलं तसं ते मनात राहिलं. तिनं ते झटकलं नाही. कोपऱ्यात घरच्या ज्वारीचं पोतं होतं. ते तिनं ओढत आणलं, तोंड सोडलं आणि चक्की थांबायच्या आत ओंजळीनं वर ओतू लागली.